निवृत्तीनंतर पुन्हा सरकारी काम : पेन्शनचे नेमके काय होते?

जिल्हा परिषदेच्या शाळेतून वयाच्या ५८ व्या वर्षी निवृत्त झालेल्या गुरुजींना त्याच किंवा शेजारच्या गावच्या शाळेवर पुन्हा बोलावणे येते, तेव्हा आनंदाच्या पाठोपाठ त्यांच्या तोंडून पहिला प्रश्न निघतो तो हाच : "पेन्शन त बंद नाई होईन ना भाऊ?" माझी सारी नोकरी पंचायत समितीच्या लेखा शाखेत गेली, त्यामुळे हा प्रश्न मला शाळेच्या व्हरांड्यात, आठवडी बाजाराच्या दिवशी बँकेच्या रांगेत आणि सोसायटीच्या ओट्यावरही विचारला गेला आहे. मानधनावर करार असेल तर पेन्शन बंद होत नाही, हे त्याचे थोडक्यात उत्तर आहे. मात्र "मानधनावर करार असेल तर" हे शब्द त्या उत्तरातून वगळता येत नाहीत. हातात पडलेल्या आदेशात नेमका कोणता शब्द वापरला आहे, यावर पेन्शन, तिच्यावरील महागाई वाढ आणि नव्या कामाचा मोबदला या तिन्ही गोष्टी ठरतात, आणि तो शब्द न वाचताच सही करणारी माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत.

प्रश्न आपल्या भागात एकाएकी का वाढला, हे आधी सांगायला हवे. मेळघाटातील धारणी आणि चिखलदरा, गडचिरोलीतील एटापल्ली आणि भामरागड, यवतमाळातील झरी जामणी अशा तालुक्यांत शिक्षकांच्या रिकाम्या जागांचे दुखणे जुने आहे. पवित्र पोर्टलमार्फत होणारी भरती लांबत गेली, तेव्हा राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने ७ जुलै २०२३ रोजी परिपत्रक काढून जिल्हा परिषदेच्या शाळांवर निवृत्त शिक्षकांना तात्पुरते घेण्यास मुभा दिली. कमाल वय ७० वर्षे, दरमहा २०,००० रुपये मानधन, आणि नियमित शिक्षक येईपर्यंतच नेमणूक, असे तिचे स्वरूप होते. शिक्षकांपुरतीच ही गोष्ट नाही. निवृत्त अधिकारी आणि कर्मचाऱ्यांना विवक्षित कामासाठी करार पद्धतीने कसे घ्यावे, याची कार्यपद्धती सामान्य प्रशासन विभागाने १७ डिसेंबर २०१६ च्या शासन निर्णयात घालून दिली होती, आणि महसूल, लेखा, अभियांत्रिकी अशा अनेक शाखांत निवृत्त माणसे पुन्हा खुर्चीवर दिसू लागली.

निवृत्त माणूस सरकारी कामावर तीन निरनिराळ्या वाटांनी असू शकतो, आणि बोलताना आपण तिन्हींना "पुन्हा लागले" असेच म्हणतो. पहिली वाट मुदतवाढीची. तिच्यात निवृत्तीच पुढे ढकलली जाते, म्हणून पगार चालू राहतो आणि पेन्शन सुरूच झालेली नसते. ही वाट फार थोड्यांच्या वाट्याला येते, म्हणून तिच्याविषयी इतकेच पुरे. दुसरी वाट पुनर्नियुक्तीची. माणूस रीतसर निवृत्त होतो, त्याची पेन्शन ठरते, आणि त्यानंतर त्याला मंजूर पदावर वेतनश्रेणीत पुन्हा नेमले जाते. येथे सरकार त्याला एका हाताने पेन्शन आणि दुसऱ्या हाताने वेतन देत असते, म्हणून दोन्हींचा मेळ घालणारे नियम लागू होतात. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ यांत पुनर्नियुक्तीचे प्रकरण स्वतंत्र आहे, ते यासाठीच. तिसरी वाट कराराची. तिच्यात वेतनश्रेणी नसते, वेतनवाढ नसते, ठरलेली रक्कम असते आणि ठरलेली मुदत असते. परिपत्रकावर घेतलेले आपले गुरुजी या तिसऱ्या वाटेवरचे आहेत.

पेन्शन मुळात थांबवता का येत नाही, हेही समजून घेण्यासारखे आहे, कारण कार्यालयात कोणी दटावले की आपली जुनी माणसे पेन्शन ही सरकारची मेहेरबानी असल्यासारखी गप्प बसतात. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने १७ डिसेंबर १९८२ रोजी डी. एस. नकारा यांच्या प्रकरणात स्पष्ट सांगितले की पेन्शन म्हणजे मालकाच्या मर्जीने दिलेली बक्षिसी नव्हे, केलेल्या सेवेबद्दल मिळणारा तो हक्क आहे. त्या पीठाचे अध्यक्ष सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड होते. १७ डिसेंबर हा दिवस निवृत्तिवेतनधारक दिन म्हणून पाळला जातो, तो या निकालामुळेच. पुढे २०१३ मध्ये झारखंड राज्याच्या एका प्रकरणात त्याच न्यायालयाने पेन्शन आणि उपदान (म्हणजे ग्रॅच्युइटी) यांना संविधानाच्या ३००-अ अनुच्छेदाखालील मालमत्ता मानले, आणि कायद्याचा आधार असल्याखेरीज ती हिरावून घेता येणार नाही असे म्हटले. तीस-बत्तीस वर्षांच्या सेवेची पेन्शन अशा रीतीने माणसाच्या नावावर जमा झालेली असते, आणि नंतर केलेल्या कामाने ती पुसली जात नाही.

यालाच जोडून दुसरी बाजू येते, आणि ती सांगताना मला पुष्कळदा समोरच्याचा हिरमोड करावा लागतो. नव्या कामाने पेन्शन जशी घटत नाही, तशी ती वाढतही नाही. नियत वयोमानाने निवृत्त होऊन पेन्शन घेणाऱ्या माणसाला पुन्हा नेमले, तर त्या नव्या काळासाठी वेगळी पेन्शन किंवा वेगळे उपदान मिळणार नाही, असे केंद्र सरकारच्या निवृत्तिवेतन नियमांत स्पष्टच लिहिले आहे. कराराच्या कामाचे तर विचारायलाच नको. "आणखी दोन वर्षे शिकवले तर पेन्शन पुन्हा काढतील" ही समजूत मी एकापेक्षा अधिक शिक्षकांकडून ऐकली आहे, आणि तिला कोणताही आधार नाही. निवृत्तीच्या वेळी शेवटच्या मूळ वेतनाच्या ५० टक्के जी रक्कम ठरली, तीच पायाभूत पेन्शन राहते, आणि तिच्यात बदल होतो तो वेतन आयोगाने किंवा वाढत्या वयामुळे मिळणाऱ्या वाढीने.

आता पैशांचा हिशेब मांडू. समजा, एका शिक्षकाचे निवृत्तीच्या दिवशी मूळ वेतन ८०,००० रुपये होते. त्यांची पेन्शन ४०,००० रुपये ठरली. त्यांनी तिच्या ४० टक्के भागाचे अंशराशीकरण केले, म्हणजे दरमहा १६,००० रुपयांच्या बदल्यात एकरकमी पैसे उचलले, बहुधा मुलीच्या लग्नासाठी किंवा घरासाठी. म्हणून खात्यात दरमहा २४,००० रुपये येऊ लागले, आणि विकलेला भाग १५ वर्षांनी पुन्हा सुरू होईल. महागाई वाढ मात्र कमी झालेल्या २४,००० वर न मोजता पूर्ण ४०,००० वर मोजतात. सोयीसाठी तिचा दर ५० टक्के धरला, तर ती २०,००० रुपये होते. एकूण हाती ४४,००० रुपये. यात करारावरील २०,००० रुपये मानधन मिळाले की घरात ६४,००० रुपये येतात.

याच जागी तो एक शब्द आडवा येतो. केंद्राच्या नियमांनुसार निवृत्त माणूस वेतनी पदावर पुनर्नियुक्त झाला, तर सर्वसाधारणपणे त्या काळात त्याच्या पेन्शनवरील महागाई वाढ थांबते, कारण नव्या वेतनावर त्याला महागाई भत्ता मिळतच असतो. राजपत्रित मोठ्या पदांखालील कर्मचारी, म्हणजे गट-अ च्या खालचे, आणि अधिकारी दर्जाखालील माजी सैनिक यांना १८ जुलै १९९७ पासून यात सूट आहे, मात्र त्यांचे नवे वेतन पेन्शन हिशेबात न धरता पदाच्या किमान वेतनावर ठरलेले असले पाहिजे. करारावर घेतलेल्या माणसाला मानधनावर कसलाच महागाई भत्ता नसतो, म्हणून त्याची वाढ थांबवण्याला कारणच उरत नाही. केंद्राच्या कार्यालयांत निवृत्तांना सल्लागार म्हणून घेताना अटींमध्ये हे वाक्य घालतात, की संबंधिताची पेन्शन आणि तिच्यावरील महागाई वाढ चालू राहील आणि ही नेमणूक पुनर्नियुक्ती समजली जाणार नाही. आपल्या उदाहरणातील गुरुजींच्या आदेशात लिपिकाने "करार पद्धतीने" ऐवजी सवयीने "पुनर्नियुक्ती" लिहिले आणि त्या एका शब्दावरून कोणी महागाई वाढ रोखली, तर त्यांचे २०,००० रुपये जातील आणि मानधनाचे २०,००० येतील. महिनाभर शाळा करूनही घरात ४४,००० च राहतील. म्हणून माझे प्रत्येकाला सांगणे असते की रुजू होण्याआधी आदेश शांतपणे वाचावा, आणि चुकीचा शब्द दिसला तर तेव्हाच लेखी अर्ज देऊन शुद्धिपत्रक मागावे. नंतर ते मिळवायला जिल्ह्याच्या ठिकाणी खेपा घालाव्या लागतात.

केंद्राच्या सेवेतून निवृत्त होऊन आपल्या गावी राहणारी माणसेही विदर्भात थोडी नाहीत. पुलगावचा दारूगोळा डेपो, भंडाऱ्याजवळच्या जवाहरनगरचा आणि भद्रावतीचा आयुध निर्माणी कारखाना, टपाल खाते, रेल्वे, या सगळ्यांतून निवृत्त झालेल्यांना पुन्हा करारावर घेतले, तर त्यांचा मोबदला केंद्रीय खर्च विभागाच्या ९ डिसेंबर २०२० च्या आदेशाने ठरतो. त्याचे सूत्र सोपे आहे. शेवटच्या वेतनातून मूळ पेन्शन वजा करायची, आणि उरलेली रक्कम दरमहा ठरावीक म्हणून द्यायची. वरच्या आकड्यांत ८०,००० मधून ४०,००० गेले की ४०,००० उरतात. येथे हमखास होणारी चूक अंशराशीकरणाची असते. "माझ्या खात्यात तर २४,०००च येतात, मग ५६,००० द्या" असे म्हणता येत नाही. विकलेला भागही पेन्शनच होता आणि त्याचे पैसे आपण आधीच घेतलेले आहेत, म्हणून वजाबाकी पूर्ण पेन्शनची होते. कराराच्या मुदतीत ही रक्कम वाढत नाही. पूर्ण झालेल्या प्रत्येक महिन्यामागे दीड दिवस रजा मिळते आणि ती पुढच्या वर्षात नेता येत नाही. नेमणूक एका वेळी एक वर्षाच्या वर नसते, आणि निवृत्तीपासून पाच वर्षांच्या पुढे ती कोणत्याही कारणाने नेता येत नाही.

माजी सैनिकांची गोष्ट या सगळ्यांहून निराळी आहे, आणि ती जरा सविस्तर सांगतो, कारण येथे लोक घाबरून आपलाच हक्क सोडून देतात. जवान १५ वर्षांच्या सेवेनंतर पेन्शनला पात्र होतो, म्हणजे पस्तिशीच्या आसपास तो घरी येतो. समोर आणखी वीस-पंचवीस वर्षांची उमेद असते. तो पोलिसांत, बँकेत, टपाल खात्यात, तलाठी किंवा ग्रामसेवक म्हणून लागतो. हा माणूस थकून परतलेला निवृत्त नसतो, त्याची दुसरी नोकरी ही पूर्ण नवी नोकरी असते, म्हणून नियमही त्याच्याकडे वेगळ्या नजरेने पाहतात. केंद्राच्या १९८६ च्या वेतननिश्चितीच्या आदेशांनुसार वयाच्या ५५ वर्षांआधी निवृत्त झालेल्या, अधिकारी दर्जाखालील सैनिकाचे नवे वेतन ठरवताना त्याची सैनिकी पेन्शन संपूर्णपणे बाजूला ठेवली जाते. त्याला नव्या पदाचे वेतन पूर्ण मिळते आणि सैनिकी पेन्शनही पूर्ण मिळते. अधिकारी म्हणून निवृत्त झालेल्यांच्या पेन्शनचा ठरावीक भागच बाजूला ठेवतात. तो पूर्वी ४,००० रुपये होता, आणि १ मे २०१७ च्या आदेशाने १५,००० रुपये झाला.

सैनिकाच्या विधवेलाही यातून एक महत्त्वाचा हक्क मिळाला आहे. पूर्वी तिला सैनिकी किंवा नागरी यांपैकी एकच कुटुंब निवृत्तिवेतन निवडावे लागे. २४ सप्टेंबर २०१२ पासून केंद्राने दोन्ही घेण्याची मुभा दिली, कारण नवऱ्याने दोन्ही ठिकाणी सेवा केलेली असते. ज्या घरी जुनी कागदपत्रे बासनात बांधून ठेवली आहेत, त्यांनी ती एकदा सोडून पाहावीत आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारावे.

नोव्हेंबर महिना आला की आपल्याकडे सोयाबीन घरात आलेले असते, कापसाची वेचणी चालू असते आणि बँकेत हयातीच्या दाखल्याची गर्दी असते. त्या दाखल्यावर सही करताना आपण हयात असल्याचे सांगतो, तसेच पुनर्विवाह आणि पुनर्नियुक्ती यांविषयीही माहिती देत असतो. बहुतेक जण तो रकाना न वाचता सही करतात. करारावर काम करणाऱ्याने तेथे आपल्या आदेशाची प्रत जोडून "करार पद्धतीने, मानधनावर" असे लिहिणे चांगले. वेतनी पदावर पुन्हा लागलेल्याने तर ते सांगितलेच पाहिजे. न सांगता महागाई वाढ घेत राहिलेल्यांची रक्कम चार-पाच वर्षांनी थकबाकी म्हणून एकदम निघते आणि पेन्शनमधून हप्त्याने कापली जाते.

अशा वसुलीविषयी लोक रफिक मसीह प्रकरणाचे नाव घेतात, म्हणून त्याची मर्यादाही कळली पाहिजे. डिसेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की गट-क आणि गट-ड च्या कर्मचाऱ्यांकडून आणि निवृत्तांकडून, कार्यालयाच्या चुकीने जास्त दिली गेलेली रक्कम वसूल करू नये. तेथे चूक देणाऱ्याची होती आणि घेणाऱ्याने काही लपवले नव्हते. ज्याने माहितीच दिली नाही, त्याला या निकालाचा आसरा मिळणे कठीण. शिवाय २०१६ च्या जगदेव सिंग प्रकरणात, जास्त रक्कम आल्यास परत करीन असे हमीपत्र लिहून दिलेल्या माणसाकडून वसुली योग्य ठरली. आपण पेन्शन सुरू होताना बँकेला असेच हमीपत्र दिलेले असते.

एस.टी. महामंडळातून निवृत्त झालेल्या चालक-वाहकांची पेन्शन ही कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, १९९५ मधून येते, आणि तिला वरचे नियम लागत नाहीत. ५८ वर्षे पूर्ण झाल्यावर सुरू झालेली ती पेन्शन पुढे कुठेही काम केले तरी चालू राहते. नव्या कामाची तिच्यात भर पडत नाही. ज्याला ५८ नंतर लगेच गरज नाही, तो पेन्शन ६० वर्षांपर्यंत पुढे ढकलू शकतो आणि प्रत्येक वर्षामागे ती ४ टक्क्यांनी वाढते. १ नोव्हेंबर २००५ नंतर राज्य सेवेत लागून राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणालीतून निवृत्त झालेल्यांनी विमा कंपनीकडून वर्षासन (अ‍ॅन्युइटी) घेतले असेल, तर ते त्यांच्या जमा पैशातून येते, आणि तुम्ही पुन्हा कामाला लागलात का, हे कंपनी विचारत नाही.

प्राप्तिकराबाबत एकच गोष्ट ध्यानात ठेवावी. पेन्शन हे वेतनच समजले जाते, आणि तिच्यावर नव्या करप्रणालीत ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट मिळते. ही वजावट माणसामागे एकदाच आहे. बँक आणि पंचायत समिती दोघांनीही ती आपापल्या हिशेबात धरली, तर विवरणपत्र भरताना फरक निघतो. २०२५-२६ पासून नव्या प्रणालीत १२ लाख रुपयांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर कर लागत नसल्यामुळे बहुतेक शिक्षकांना प्रत्यक्ष कर भरावा लागणार नाही, तरी विवरणपत्र भरणे टाळू नये.

करारावरच्या माणसाला कोणत्या गोष्टी मिळत नाहीत, हे कोणी आपण होऊन सांगत नाही. उपदान नाही, रजेचे रोखीकरण नाही, वेतनवाढ नाही, आणि नियमित शिक्षक हजर झाला की त्या दिवशी आपले काम संपते. मानधनही वेळेवर येईलच असे नसते. माझ्या ओळखीच्या एका बाईंनी जुलैपासून शाळा सांभाळली आणि पहिले मानधन त्यांना दिवाळी उलटल्यावर मिळाले, कारण अनुदान कोणत्या शीर्षातून खर्ची टाकायचे, यावर कागद दोन टेबलांच्या मध्ये फिरत राहिला. त्या रोज दोन मैल पायी जात होत्या, पावसाळ्यात नाल्याला पाणी आले तरी जात होत्या, आणि त्यांची पेन्शन वेळेवर येत होती म्हणूनच ते शक्य झाले. म्हणून मानधनाच्या भरवशावर पतसंस्थेचे नवे कर्ज काढू नये, हे मी कळकळीने सांगतो.

करारावर असताना माणूस वारला, तर काय होते, हाही प्रश्न विचारला जातो, पण बहुधा फार उशिरा. पत्नीला किंवा पतीला मिळणारे कुटुंब निवृत्तिवेतन मूळ सेवेवरच ठरते, सर्वसाधारणपणे शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के, आणि करारावर काढलेल्या दिवसांनी ते वाढत किंवा घटत नाही. त्यासाठी लागतो तो मूळ निवृत्तिवेतन प्रदान आदेश, ज्याला आपण पीपीओ म्हणतो, आणि त्यात जोडीदाराचे नाव व जन्मतारीख आधारकार्डाप्रमाणे बरोबर असणे. कराराच्या बाजूने कुटुंबाला येणे असते ते थकलेल्या मानधनाचे, आणि ते कोणाला द्यायचे हे करारनाम्यात लिहिलेले नसेल, तर वारस प्रमाणपत्रासाठी कोर्टाची पायरी चढावी लागते. सही करण्यापूर्वी करारनाम्याच्या शेवटच्या पानावर वारसाच्या नावासाठी जागा आहे का ते पाहावे, आणि नसेल तर ते नाव गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे साध्या अर्जाने नोंदवून पोच घ्यावी.